कंपनीवानी खराब करून द्या

आमचं घर मेंढरांचं. म्हंजे माझा बाप मेंढरं राखायचा, त्याचा बाप बी मेंढरंच राखायचा, आन् आमचं गाव परळीच्या वरच्या अंगाला डोंगरात, तिथं माळाबिगर दुसरं काय न्हाई. काय सांगू तुमाला ताई, लोकं इचारत्यात, सोपान पेंटर, रंगाचं काम कुठं शिकला, गुरू कोन, तर मी म्हनतो मेंढराच्या पाठीवर शिकलो. हसू नका, खरं हाय. दोन कळप एका पानवठ्यावर आले की मिसळत्यात, मंग वळखायचं कसं, म्हनून जो तो आपल्या मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा मारतो. आमचा पट्टा मानेच्या मागं. बाप बोटानं फासायचा आन् पुढं ढकलायचा, मी मातर काठीला चिंधी बांधून सरळ रेघ काढायचो, दोन्ही बाजूला सारखी. बाप म्हनायचा, आरं ते मेंढरू हाय का देवाची पालखी, सोड त्याला, पुढं ढकल. तवापासून हेच ऐकतोय, सोड त्याला, पुढं ढकल. सारी जिंदगी लोकांनी मला हेच सांगितलं आन् सारी जिंदगी मी त्याच्यावर थुकलो.

आमचे दाजी, थोरल्या बहिनीचे मालक, मुंबईला गाड्यांच्या कंपनीत गेटवर व्हते. त्यांनी मला चिकटवलं. कंपनीचं नाव मी घेत न्हाई, आता बंद पडली, मेलेल्याला कावून शिव्या द्यायच्या. पन बंद पडायच्या लायकीचीच व्हती, हे लिहा. मला रंगखात्यात घातलं. गाड्यांची रांग साखळीवर सरकत यायची, घंटी वाजली की गाडी म्होरं, घंटी वाजली की गाडी म्होरं. एका गाडीला दोन मानसं, डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला गंगाधर. हा गंगाधर आपल्याच जिल्ह्यातला, माजलगावकडचा, तिथंच वळख झाली. त्याचा हात कसा, तर जनावरं धुताना पाइपानं पानी मारत्यात ना, तसा. फर्र फर्र फर्र, झालं. कुठं जाड, कुठं पातळ, कुठं ओघळ, रंगाला नुसती मोसंबीच्या सालीवानी खडबड. आन् हा पठ्ठ्या घंटी वाजायच्या आधी मोकळा, बिडी हुडकत उभा. मी म्हनायचो, आरं गंग्या, तुला लाज न्हाई वाटत? त्यो म्हनायचा, लाज पगारात धरत्यात का?

आता लोकं जुन्या गाडीचं नाव निघालं की कंपनी, कंपनी करत्यात, कंपनीचा रंग, कंपनीचं फिनिशिंग, जसं काय गाडी वैद्यनाथाच्या गाभाऱ्यातून निघाली. कंपनी म्हंजे कोन हो? मी आतून बघितलीय कंपनी. कंपनी म्हंजे घामेजलेली, भुकेली मानसं, जेवायची सुट्टी कवा हुतीय म्हनून भिताडावरच्या घड्याळाकडं बघायलेली. दरवाजा बसंना तर हातोडा घालायचे. डिकीच्या आत रंग पुरला तर पुरला, न्हाई तर राहिलं. मी एकटा सारखं मारायला बघायचो आन् माझी गाडी आर्ध्यातच म्होरं निघून जायची. फोरमननं मला समद्यांसमोर झापलं. म्हनला, तू हितं नवरी नटवायला आलास का बे? गाडी हाय ती, पुढं जाऊ दे. आन् मला काढून चाकाच्या रिंगा रंगवायला बसवलं. रिंगा! कोन बघतं रिंगा? मी राजीनामा लिहिला न्हाई का काय न्हाई, डबा घेतला आन् आलो निघून परळीला.

एक गोष्ट मातर मुंबईतच करून ठिवलती. माझी धाकटी मेव्हनी, माझ्या बायकोची, केशरची बहीन, तिला मीच गंगाधरचं स्थळ सांगितलतं. नोकरी पक्की व्हती त्याची, दारू न्हाई, एक बिडी सोडली तर मानूस गरीब. म्हनून त्यो माझा साडू. तवा तक्रार करायची सोय न्हाई, केशर लगीच म्हनती, तुमीच आनलाय.

परळीत मी स्टेशनच्या रस्त्याला लिंबाखाली सुरवात केली, मंग पत्र्याची खोली झाली. आता परळीत रंगाचं काम करनं म्हंजे काय तर वैऱ्याच्या मांडीवर बसून जेवन करनं. राख. थर्मलची, विजेच्या कारखान्याची राख. पिठावानी बारीक, दिसत न्हाई, पन ओल्या रंगावर बरोबर येऊन बसती. दुसऱ्या गावचा पेंटर हितं आला तर पळून जाईल. म्या खोलीला चारी बाजूंनी गोनपाट लावली, ती ओली ठिवायची, भुईवर पानी शिंपडायचं, अंगावर कापड ओलं, डोस्क्याला फडकं ओलं, आन् सकाळच्या पारी वारं पडलेलं असलं की दम धरून एक हात मारायचा. मंग पानीकागदानं घासायचं, पुन्यांदा एक हात, पुन्यांदा घासायचं. घासायला केशर माझ्या बरोबरीनं. तिच्या बोटाच्या रेघा गेल्यात, रेशनच्या मशिनीवर अंगठा उठत न्हाई तिचा, त्यो दुकानदार म्हनतो, मावशी, तुमी हाव का न्हाई? पन माझ्या गाडीच्या बॉनेटात वाकून बघितलं तर मिशीतला पांढरा केस मोजता यायचा. बीडवरून, लातूरवरून लोकं यायचे. पुढाऱ्यांच्या गाड्या, नवरदेवाच्या गाड्या. मला कुनी सोड म्हनलं न्हाई तिथं, कारन दुकान माझं व्हतं.

गंगाधर कंपनी बंद पडली तवा आला. त्यो बी परळीत. लोखंडी खाटा रंगवायचा, गेटं रंगवायचा, पान्याच्या टाक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्याचं काम लांबून बघायचं, जवळ गेलं की वंगाळ. दिवाळीला आमच्या घरी यायचा, मी त्याला माझ्या दुकानात पाऊल टाकू द्यायचो न्हाई, म्हनायचो, बाहीरच बस, तुझ्या चपलांची धूळ आत येती. त्यो बी बसायचा बिचारा बाहीर, पायरीवर.

आता ह्या गाडीचं ऐका. विक्रमदादा म्हनून हायती, इकडं गोदाकाठाला त्यांची जमीन, त्यांचे आजोबा आबासाहेब जुने पुढारी. दादाचं काम म्हंजे पांढरे कपडे आन् चार पोरं मागं घिऊन फिरायचं, दुसरं मला काय दिसलं न्हाई. आबासाहेबांची गाडी कापसाच्या गोदामात पडून व्हती, कोंबड्या अंडी घालायच्या मागच्या सीटवर. ही गाडी आमच्याच कंपनीची, आमच्याच काळातली. दादा म्हनला, सोपानकाका, पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं, मोठमोठी मानसं येत्यात, मला पहिला नंबर पाहिजे. मी म्हनलो, दादा, गाडी सोडा आन् मला इचारायला येऊ नका.

सारा हिवाळा म्या त्या गाडीला दिला. जुना रंग पत्र्यापातूर खरवडला. डाव्या अंगाच्या मागच्या कोपऱ्याला रंग लईच पातळ व्हता, आन् हात उलटा मारलेला, म्होरून माघं जायच्या ऐवजी माघून म्होरं. केशरला म्हनलो, बघ, कोन गाढव व्हतं ह्यो, ह्याला बाजू पन कळत न्हवती. समदं सपाट केलं. दरवाजाच्या फटी कंपनीनं एक रुंद एक अरुंद दिलत्या, त्या एकसारख्या केल्या. बुडाला रंग, डिकीत रंग, जिथं देवाला बी दिसत न्हाई तिथं रंग. गाडी बाहीर काढली तर रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायलेते. दादानं मला पेढा भरवला.

पुण्याला मला बी नेलं. गाडी ट्रकवर, आमी मागून. केशरनं धपाटे बांधून दिलते. मैदानात नुसत्या गाड्या, आन् गाड्यांपेक्षा मिजास जास्त. कुनी धोतर-कोट घालून आलंय, कुनी बायकोला जुन्या बायांवानी नटवून आनलंय. तपासायला एक मानूस आला, पांढरी टोपी, हातात बॅटरी आन् दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला बारका आरसा. त्यो वरून बघना, माझा रंग बघना, सरळ भुईवर आडवा झाला आन् गाडीखाली घुसला. मंग डिकी उघडून त्यात डोस्कं घातलं. मंग दरवाजाच्या फटीत नख फिरवलं. उठला, हात झटकले, आन् दादाला हसत म्हनला, कंपनीतून ही गाडी इतकी चांगली कधीच बाहेर पडली नव्हती. फार सुंदर आहे, पण खोटी आहे.

सुंदर हाय पन खोटी हाय. ताई, त्यानं मला थोबाडात मारली आसती तर मी परत एक मारली आसती, मिटलं आसतं. ह्याचं काय करायचं? शेजारच्या गाडीला हार घातला, ती बी आमच्याच कंपनीची, त्या गाडीचा रंग कसा, आमच्या गावच्या पोष्टाच्या दरवाजावानी, त्याला ओघळ, त्याला खडबड, आन् लोकं फोटो काढायलेत, व्वा, अगदी ओरिजिनल. मी त्या गाडीच्या समोर उभा राहिलो, बघितलं, आन् मला हसू का रडू कळंना. हे तर गंग्याचं काम.

माघारी निघालो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तिथून दादा कपिलधारच्या फाट्याकडं बघत उभा राहिला, मंग म्हनला, सोपानकाका, पुन्हा करायची. घासून काढा समदं. कंपनीवानी करून द्या. मी म्हनलो, कंपनीवानी म्हंजे खराब? त्यो म्हनला, हाव, खराब, पन बरोबर तेवढीच खराब. मी म्हनलो, दादा, माझ्या दुकानात खराब मिळत न्हाई. त्यो म्हनला, तुमीच तर त्या कंपनीत व्हता, तुमाला न्हाई जमलं तर कुनाला जमंल? मला तेच लागलं. जमत न्हाई म्हनजे काय? चांगलं जमतंय त्याला खराब जमत न्हाई व्हय?

न्हाई जमलं. एक भंगारातलं बॉनेट आनलं, त्याच्यावर हात बसवायला लागलो. रंग फवारायची गन हातात घेतली की मनगट आपोआप सरळ. जाड मारला, ओघळ सुटला, आन् मला कळायच्या आत माझंच फडकं त्याच्यावर फिरलं. परत मारला, परत पुसला. मंग म्या काय केलं, ब्रशानं ओघळ काढला. बारीक, वरून पातळ खाली थेंब. केशर बघायलीती, पदर तोंडाला लावून हसायली. म्हनली, हा ओघळ न्हाई, रांगोळी हाय. मी ते बॉनेट लाथ मारून पाडलं. केशर म्हनली, आवं, भावजींला बोलवा. मी म्हनलो, माझ्या दुकानात त्यो गंग्या गन धरनार आसंल तर मी माळावर जाऊन मेंढरं राखीन. ती म्हनली, मेंढरं कुठं राहिलीत आता? आन् गेली घासायला.

चार दिवस म्या दादाचा फोन उचलला न्हाई. मंग गेलो गंगाधरकडं. त्यो एका शाळेची पान्याची टाकी रंगवायलाता, शिडीवर. खालूनच सांगितलं, असं असं हाय, एका गाडीला तुझ्या हातानं, कंपनीत मारायचास तसं मारायचं. मला वाटलं हा आता मला हिनवंल, त्याचा हक्क व्हता. तर त्यो शिडीवरून उतरला, हात पँटीला पुसले, म्हनला, आत्ता येऊ का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चपला बाहीर काढायला लागला, मी म्हनलो, ऱ्हाऊ दे, ये तसाच. आत आला, चारीकडं बघितलं, म्हनला, ही गोनपाट काढ, दरवाजे उघड. मी म्हनलो, राख येईल. त्यो म्हनला, कंपनीत काय धूळ येत न्हवती व्हय? काढली गोनपाट. मंग त्यो गन घिऊन उभाच राहिला. मी म्हनलो, मार की. त्यो म्हनला, घंटी कुठाय? घंटीबिगर माझा हात चालत न्हाई.

आता घंटी कुठून आनायची? म्या ट्रकच्या चाकाचा एक जुना ब्रेकड्रम दोरीनं आढ्याला बांधला आन् लोखंडी पान्यानं ठोकला. टन्न. आन् ताई, काय सांगू तुमाला, ह्यो सत्तरीला टेकलेला मानूस, गुडघे गेलेले, ह्यो पळायला लागला. फर्र फर्र फर्र, दरवाजा, मडगार्ड, छत. मी घंटी वाजवतोय, त्यो माझ्याकडं न बघता म्हनतोय, लवकर वाजव, लई संथ वाजवतोस, फोरमन झोपला का? मला घाम फुटला. मी काय करत न्हवतो, नुसता ठोकत व्हतो, तरी मला घाम फुटला, तीच जुनी भीती, माझी गाडी चालली, माझी आर्धी राहिली.

उजवी बाजू त्यानं संपवली, म्होरून डाव्या बाजूला आला, तिथला म्होरचा दरवाजा जरा निगुतीनं मारला, मागचा बी बरा मारला, मंग घंटी वाजली तशी परत उजवीकडं पळाला, मागून वळसा घातला, आन् डाव्या अंगाचा मागचा कोपरा माघून म्होरं, उलट्या हातानं, दोन फटक्यात मारून मोकळा. मी पाना खाली ठिवला. म्हनलो, गंग्या, त्यो कोपरा उलटा कावून मारलास? त्यो धापा टाकायलाता. म्हनला, तसाच मारायचो ना. तुझं घंटीपातूर मागच्या दरवाजापर्यंतच हुयाचं, कोपरा राहायचा. गाडी सरकली की मी मागून येऊन मारायचो. न्हाई तर तुला फोरमननं पहिल्याच महिन्यात हाकलला आसता.

मी म्हनलो, खोटं बोलू नको. त्यो म्हनला, बरं, खोटं. आन् बिडी पेटवायला बाहीर गेला, पायरीवर जाऊन बसला.

खरं का खोटं, आता कोन सांगनार? कंपनी न्हाई, फोरमन मेला. गंगाधरला बढाया मारायची खोड हायच. पन त्या कोपऱ्याचं म्या त्याला सांगितलं न्हवतं, आन् जुना रंग तर म्याच खरवडून टाकलता. केशरला इचारा, तिनं बघितलाय. त्या दिवशी मी दुपारी जेवलो न्हाई. गंगाधर जेवला, दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या.

पुढच्या प्रदर्शनाला पहिला नंबर आला. आता हसा. टोपीवाल्यानं बॅटरी मारून त्यो कोपरा सगळ्यांना दाखवला म्हने, म्हनला, त्या सालच्या काही गाड्यांची ही खासियत आहे, इतकं अस्सल काम मी पाहिलं नाही. खासियत! आवं, माझा उशीर हाय त्यो, आन् गंग्याची धावपळ हाय. त्याला हे लोकं आरशानं बघत्यात, बोट लावू देत न्हाईत. विक्रमदादानं त्या गाडीला काचेची खोली बांधलीय, आत एसी. गाडी चालवत न्हाई, का तर म्हनं खडा उडंल. आबासाहेब त्याच गाडीतून चिखलातनं गावोगाव फिरायचे, मागं शेरडू बसवून आनलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. आन् ह्यो नातू तिला बघायला चपला काढून जातो. चकाकी पाहिजे म्हननारा बी ह्योच, खराब पाहिजे म्हननारा बी ह्योच. ह्याला गाडी कवाच नको व्हती, ह्याला लोकांनी आपल्याकडं बघावं एवढंच पाहिजे. आन् त्यो टोपीवाला, त्याला तर रंग बी नको, त्याला फकस्त बॅटरी मारायची हाय. थू.

माझं मला इचारता, मला पटलं का, तर न्हाई पटलं. आज बी न्हाई. चांगलं ते चांगलं. कंपनीनं खराब केलं म्हनून मी खराब करनार न्हाई, आन् मला येत बी न्हाई, ते आता कबूल हाय. गंगाधरला मातर पुन्याहून, नाशिकवरून फोन येत्यात, सर म्हनत्यात त्याला. सर! त्यो जातो, मारतो, येतो, परत खाटा रंगवायला बसतो. गुडघ्यानं शिडी चढवंना, म्हनून म्याच म्हनलो, माझ्या दुकानात ये, निम्मी जागा तुझी. आता दिवसभर थिनर सांडतो, डब्याची झाकनं लावत न्हाई, माझ्या पॉलिशच्या फडक्यानं हात पुसतो. चहा मातर दोघांचा एकाच केटलीतून येतो. लोकं म्हनत्यात, ह्या दोन म्हाताऱ्यांचं दिवसभर भांडन चालतं. भांडन कसलं? मी बोलतो, त्यो ऐकत न्हाई.

तुमच्या स्कूटरचा मडगार्ड घासलाय, मघाच बघितला मी. करून देऊ? न्हाई? ऱ्हाऊ द्या मंग, तुमची मर्जी. पडला न्हवता ना लई? मंग झालं. गाडी चालती राहो, तुमी धडधाकट राहा, देव तुमाला लई गावं दाखवो. आन् जाताना त्या डाव्या बाजूच्या गेटाला हात लावू नका. गंग्या म्हनतो रंग वाळलाय, पन त्याचं काय खरं न्हाई.